मूल नको म्हणून दिवस मोजणं आणि साधन वापरणं – हेतू एकच, मग फरक कसला?

वसईकरीण

जानेवारीत लग्न आहे. आम्ही वसईचे कॅथलिक, त्यामुळे लग्नाआधी दोघांनी विवाहपूर्व शिबिराला बसावंच लागतं. मागच्या रविवारी नैसर्गिक कुटुंबनियोजनाचं सत्र होतं. शिकवायला पन्नाशी उलटलेलं एक जोडपं आलं होतं. काकींनी बिलिंग्ज पद्धतीचा तक्ता भिंतीवर लावून कोरडे दिवस, ओले दिवस, स्राव बोटांत ताणून कसा बघायचा, सगळं न लाजता समजावलं. मला आवडलं ते.

मग मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, "काकी, त्या महिन्यात मूल तुम्हालाही नको असतं आणि गोळी घेणारीलाही नको असतं. मग तिचं पाप आणि तुमचं पुण्य, हे कसं?"

हॉलमध्ये हशा. काकांनी उपवासाचा दाखला दिला. वजन उतरवायला एक जण उपवास करतो, दुसरा पोटभर जेवून ओकून टाकतो. हेतू एक, कृती वेगळी. फादर एवढंच म्हणाले की घरी जाऊन ‘ह्युमाने विते’चा सोळावा परिच्छेद वाचा.

मी वाचला. पोप सहावे पॉल यांचं हे परिपत्रक 25 जुलै 1968 चं आहे. मला वाटलं होतं, त्यात ‘हेतू वेगळा असतो’ असं काहीतरी असेल. तसं अजिबात नाही. दोन्ही जोडप्यांना मूल टाळायचंच आहे, हे तिथे चक्क मान्य केलंय. फरक सांगितलाय तो कृतीचा: एक जोडपं निसर्गाने दिलेल्या दिवसांचा उपयोग करतं, दुसरं निसर्गाच्या वाटेत अडथळा घालतं. म्हणजे हेतू बाजूला. पण त्याच परिच्छेदात असंही आहे की दिवस मोजायलाही योग्य कारण हवं: तब्येत, मन, बाहेरची परिस्थिती. म्हणजे हेतू मागच्या दाराने परत घरात!

तर प्रश्न असा. काहीच साधन न वापरणाऱ्या जोडप्याचा हेतू महत्त्वाचा आहे की नाही? आणि कारण ‘योग्य’ आहे हे ठरवायचं कुणी? कॅथलिक नसलेल्यांनीही लिहा. फक्त धर्मांतराचा विषय काढू नका, हात जोडते.

अर्धवटराव

काकांचा उपवास पटला नाही. उपवासवाला जेवत नाही. दिवस मोजणारे जेवतात, फक्त पंचांग बघून बिनकॅलरीचा मुहूर्त काढतात.

फोंडेकर

अर्धवटराव, दाखला लंगडा आहे हे मान्य. त्यामागचा मुद्दा मात्र लंगडा नाही. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो म्हणून थोडं लांबण लावतो.

एलिझाबेथ अॅन्स्कम ही इंग्रज तत्त्ववेत्ती, विटगेन्स्टाइन या तत्त्वज्ञाची शिष्या, कॅथलिक, सात मुलांची आई. हेतू या विषयावर विसाव्या शतकात तिच्याइतकं मूलभूत काम फार थोड्यांनी केलं. तिचं म्हणणं असं की आपण दोन गोष्टींना मिळून ‘हेतू’ म्हणतो. एक, पुढे काय साधायचंय. दुसरी, आत्ता हातून जाणूनबुजून काय घडतंय. मूल नको हा पुढचा हेतू दोघांचा एकच. पण दिवस मोजणारं जोडपं त्या रात्री जे करतं ते इतर कुठल्याही रात्रीसारखंच असतं, त्या कृतीत त्यांनी काही बदल केलेला नसतो. साधन वापरणाऱ्यांनी कृतीच बदललेली असते. चर्च बोट ठेवतं ते या दुसऱ्या हेतूवर.

दोन उदाहरणं बघा. नवऱ्याने ऐनवेळी बाजूला होणं यात गोळी नाही, रबर नाही, कसलंच साधन नाही. तरी चर्च त्याला संततिनियमनच धरतं, बायबलमधल्या ओनानच्या कथेपासून (तोही असाच बाजूला झाला होता). उलट एखादीला पाळीच्या त्रासासाठी डॉक्टरांनी तीच गोळी दिली तर परिपत्रकाचा पंधरावा परिच्छेद तिला मोकळं सोडतो, कारण मूल न होणं हा तिथे उपचाराचा परिणाम आहे, उद्देश नाही. तेव्हा ‘साधन वापरलं की नाही’ ही रेघ चर्चनेही मारलेली नाही.

अर्धवटराव

म्हणजे तीच गोळी, तोच डबा, तीच बाई. पोटात दुखतं म्हणून घेतली तर चालेल, पोट वाढू नये म्हणून घेतली तर नाही. हेतूच झाला की हा!

बरं, मदर तेरेसांचं 1979 चं नोबेल व्याख्यान आठवा. एकट्या कलकत्त्यात सहा वर्षांत नैसर्गिक पद्धतीमुळे 61,273 मुलं कमी झाली, असं त्यांनी तिथे अभिमानाने सांगितलं होतं. शेवटच्या तिनापर्यंत मोजलेली. आकडा इतका चोख असल्यावर हेतूबद्दल शंका कशाला?

फोंडेकर

हेतूबद्दल शंका कुणी घेतलीये? वसईकरीण यांनी पहिल्याच प्रतिसादात लिहिलंय की परिपत्रकालाही ती नाही.

गावठाणातला

वांद्र्याचा ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबईकडचा मूळ ख्रिस्ती), वय वर्षं सत्तरच्या पुढे. 1964 च्या डिसेंबरात हेच पोप पॉल मुंबईत आले होते, ओव्हल मैदानावरच्या महोत्सवाला. आम्ही पोरं खांद्यावर बसून बघायला गेलो. त्याच वेळी रोममध्ये या विषयावर एक आयोग काम करत होता. आधीच्या पोपनी, तेविसाव्या जॉननी, 1963 मध्ये तो नेमलेला. शिकागोचं एक जोडपं, पॅट्रिक आणि पॅटी क्राउली, त्यात सभासद होतं. त्यांनी जगभरच्या कॅथलिक जोडप्यांची पत्रं गोळा करून नेली. दिवस मोजून मोजून जीव मेटाकुटीला आलाय, नवराबायकोत प्रेम राहिलं नाही, धाक तेवढा उरलाय, अशी त्यात पुष्कळ होती. 1966 मध्ये आयोगातल्या बहुसंख्यांनी नियम सैल करा असं सांगितलं. दोन वर्षांनी पोपनी उलट निर्णय दिला.

आमच्या मायला आम्ही आठ. तिला कुणी कधी विचारलं नाही की बाई, तुझं कारण योग्य आहे का. तिला मुळात काही ठरवायचं असतं हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं. पापाचाही हिशेब व्हायला आधी मर्जी लागते.

डॉ_सांगली

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. धर्मशास्त्रातलं कळत नाही, ओपीडीतलं सांगते.

केसपेपरवर एक रकाना असतो. मी विचारते, "काही वापरता का?" उत्तर येतं, "काही नाही." रकान्यात फुली मारून पुढे जाता येतं. पण पेन खाली ठेवून पुन्हा विचारलं की त्या ‘काही नाही’तून काय काय निघतं बघा. "आमचे हे काळजी घेतात." (म्हणजे फोंडेकर म्हणाले तेच, बाजूला होणं.) "ते मस्कतला असतात, गणपतीत येतात." "बाळ अंगावर पितंय, पाळी आलीच नाही अजून." "तांबी काढली, पुन्हा बसवायचं राहून गेलं." "गोळ्यांनी पुढे मूल होत नाही म्हणे." "सासूबाईंना दुसरं हवंय." आणि एखादी नुसतीच खाली बघते.

या सगळ्यांची नोंद सरकारदरबारी ‘साधन वापरत नाही’ अशीच होणार. हेतू मात्र एकीचा दुसरीशी जुळत नाही. आणि माझा सल्ला हेतूवरच ठरतो. पाळणा लांबवायचाय तिला मी ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन सांगेन, थांबवायचाय तिला ऑपरेशन किंवा त्याहून बरं म्हणजे नवऱ्याचं ऑपरेशन. मूल हवंय तिला फॉलिक अॅसिड. आणि ‘होईल तेव्हा होईल’ म्हणणारीलाही फॉलिक अॅसिडच, कारण पाळी चुकल्याचं कळेपर्यंत बाळाच्या मज्जारज्जूचं बरंचसं काम उरकलेलं असतं. आपला काही हेतूच नाही असं म्हणणाऱ्या बायकांचं हे नुकसान कुणी लक्षात घेत नाही.

आकडेही देते, म्हणजे भाबडेपणा नको. दिवस ओळखण्याच्या निरनिराळ्या पद्धती नेहमीच्या वापरात वर्षाला 100 पैकी 2 ते 23 जणींच्या बाबतीत फसतात. कुठली पद्धत आणि किती काटेकोर, त्यावर ठरतं. निरोध 13, ‘काळजी घेणं’ साधारण 20, तांबी 1 पेक्षा कमी. अंगावर पाजण्याचा भरवसा फक्त पहिले सहा महिने, वरचं काही न देता, आणि पाळी आली नसेल तरच.

गिरगावकर

हा वाद आपल्याकडे जुनाच आहे आणि त्यात पोप नव्हते. 1935 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. गांधीजींचा साधनांना ठाम विरोध. संततीची इच्छा असेल तेवढाच संग, बाकी संयम. सँगरबाईंनी नाना तऱ्हेने वाद घातला. शेवटी सुरक्षित दिवसांच्या पद्धतीबद्दल गांधीजींनी थोडं नमतं घेतलं, कारण त्यात निदान काही दिवसांचा संयम येतो.

गंमत पुढे आहे. स्वातंत्र्यानंतर आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर, गांधीजींच्या कट्टर अनुयायी. सरकारी कुटुंबनियोजनाची सुरुवात झाली ती याच पद्धतीने. दिल्लीची लोदी कॉलनी आणि म्हैसूर राज्यातलं रामनगरम इथे बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या, हिरवा मणी सुरक्षित, लाल मणी धोका. रोज एक मणी सरकवायचा. फारसं यश आलं नाही. सरकारचा हेतू उघड होता, लोकसंख्या आवरायची. पद्धत तेवढी सोवळी निवडली.

र. धों. कर्वे यांचं म्हणणं या सगळ्याच्या उलट. त्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी पुढे विल्सन कॉलेजची गणिताची प्राध्यापकी गेली, ‘समाजस्वास्थ्य’ 1927 पासून मरेपर्यंत, 1953 पर्यंत, चालवलं. त्यांच्या लेखी मूल नको हा हेतू लपवण्यासारखा नव्हताच. तो चांगला हेतू आहे, सुख हवं हाही चांगला हेतू आहे, मग जे साधन खात्रीचं ते वापरा, झालं. मला कर्वेच पटतात. हेतू मान्य करायचा आणि साधनाला नाक मुरडायचं, यात मला शिवाशिव दिसते.

व्यवस्थापक

कुठल्या धर्माची लोकसंख्या किती, या विषयावरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढू नये, तोही उडेल.

शेवंती

मी सहसा लिहीत नाही इथे.

आम्ही बरीच वर्षं काहीच वापरत नाही, कारण आम्हाला मूल हवंय. होत नाही. आणि लोक आमचा हेतू परस्पर ठरवून मोकळे होतात: "करिअर, करिअर! आता पुरे, घ्या मनावर." मनावरच घेतलंय हो. वसईकरीण यांच्या काकींकडे आहे तसाच तक्ता माझ्याही कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. त्या ज्या दिवशी थांबतात, त्या दिवशी आम्ही दोघं अर्ध्या दिवसाची रजा टाकतो. पाळीवरून दिवस काढण्याचं गणित जपानच्या ओगिनो डॉक्टरांनी 1924 मध्ये मांडलं, तेही मूल व्हावं म्हणून. टाळण्यासाठी लोकांनी ते वापरणं त्यांना पसंत नव्हतं.

डॉ_सांगली

शेवंती, वेगळा निरोप केलाय. बघा.

बाररूम

वकिली करतो, म्हणून एवढंच. कायदा हेतू बघतो.

समर घोष विरुद्ध जया घोष, सर्वोच्च न्यायालय, 2007. मानसिक क्रूरता कशाला म्हणता येईल त्याची काही उदाहरणं न्यायालयाने दिली, त्यात एक असं की लग्नानंतर नवरा किंवा बायकोने एकट्याने, एकतर्फी, मूल होऊच द्यायचं नाही असं ठरवणं. एकतर्फी हा शब्द महत्त्वाचा. दोघांनी मिळून ठरवलं तर कायद्याला घेणंदेणं नाही. कॅथलिकांच्या कॅनन कायद्यातही 1101 वं कलम आहे. मूल कधीच नको असं मनाशी पक्कं ठरवून कुणी वेदीसमोर उभं राहिलं तर ते लग्न मुळातच अवैध धरता येतं. तिथे पद्धत नैसर्गिक होती की कसली, हे कुणी विचारत नाही.

गर्भपाताच्या 1971 च्या कायद्यात तर हे स्पष्टच आहे. मुलांची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी वापरलेलं साधन किंवा पद्धत फसून दिवस गेले, तर त्या बाईला होणारा मनस्ताप ही तिच्या मनःस्वास्थ्याला गंभीर इजा मानता येते. आधी हे विवाहितेपुरतं होतं, 2021 च्या दुरुस्तीने कोणत्याही स्त्रीला लागू झालं. ‘साधन किंवा पद्धत’ असं लिहिलंय, नुसतं साधन नाही. म्हणून डॉक्टर, तुमच्या केसपेपरवरची ती फुली पुढे फार महागात पडू शकते.

डॉ_सांगली

अगदी. म्हणूनच पेन खाली ठेवते. दिवस मोजणारीला मी ‘पद्धत वापरते’ असंच लिहिते.

कोरांटी

सगळे ‘जोडप्याचा हेतू’ म्हणताहेत, जणू तो एकच असतो.

लग्न झालं तेव्हा मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होते. घर साताऱ्याकडचं, माणसं वाईट नाहीत. सासूबाईंचं म्हणणं, पहिलं होऊन जाऊ दे, मग काय ते कर. नवऱ्याचं म्हणणं, देवाच्या मनात असेल तेव्हा होईल. साधन आणायचा विषय काढला तर, "लगेच कशाला? लोक काय म्हणतील?" त्यामुळे आम्ही ‘काही वापरत नव्हतो’. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असायचं, त्याच्या मागच्या बाजूला मी दुधाचा हिशेब लिहायचे. त्या आकड्यांच्या शेजारी पेन्सिलीने एक बारीक टिंब. त्या टिंबापासून पुढचे काही दिवस माझं डोकं दुखायचं, कंबर धरायची, अभ्यासाला रात्र जागायची. नवऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही. अजूनही माहीत नाही.

आता सांगा. पद्धत शंभर टक्के नैसर्गिक. संयमही झाला, गांधीजी खूष. एका बिछान्यात दोन हेतू, आणि तिसरा भिंतीपलीकडे सासूबाईंचा. यातला कुठला तपासणार तुमचे फादर?

माझं मत विचाराल तर हेतू महत्त्वाचा आहेच. पण तो दोघांनी तोंडाने एकमेकांना सांगितलेला असेल तर. नाहीतर दिवस मोजा नाहीतर गोळी खा, एक जण ठरवतो आणि दुसरा फसतो.

गिरगावकर

कोरांटीताई, तुमच्या टिंबापुढे माझा कर्वे-गांधी वाद फिका पडला.

अर्धवटराव

+१. माझेही सगळे विनोद मागे.

फोंडेकर

कोरांटी, तुमचा मुद्दा अॅन्स्कमच्या चौकटीत बसत नाही, कारण ती एक कर्ता गृहीत धरते. इथे कर्तेच दोन आहेत. तरी एक म्हणतो: नवऱ्याला न सांगता गोळी घेणं आणि न सांगता दिवस टाळणं, यात तुम्हाला काहीच फरक वाटला नसता का?

कोरांटी

गोळी असती तर रोज डोकं दुखवावं लागलं नसतं.

गावठाणातला

ही पद्धत शिकवणारे नेहमी सांगतात की यात नवराबायकोचा संवाद वाढतो. ज्यांच्यात आधीच संवाद आहे त्यांचा वाढत असेल. आमच्या गल्लीत असे पुरुष होते जे शनिवारी रात्री झोकून यायचे, त्यांना लाल मणी आणि हिरवा मणी सारखाच. तक्ता बाईने भरायचा, पाळायचा पुरुषाने, आणि तक्त्यावर त्याचा रकानाच नाही. शिबिरात हे बोललं गेलं का, वसईकरीण?

वसईकरीण

नाही. त्या सत्रानंतर मुलगे वडापावच्या रांगेत होते आणि काकींभोवती फक्त आम्ही मुली.

हा धागा होणाऱ्या नवऱ्याला पाठवला. मग काल फोनवर सरळ विचारलं, "तुला मूल कधी हवंय?" तो म्हणाला, "तू म्हणशील तेव्हा." उत्तर गोड आहे आणि बिनकामाचं. मी म्हटलं, असं नाही, तुझं तू सांग, मग माझं मी सांगते. बराच वेळ गेला. मग म्हणाला की त्याला पहिली दोनतीन वर्षं नकोच आहे, घराचं कर्ज आहे, वडिलांचं डायलिसिस चालू आहे. हे त्याने मला आधी कधी सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं त्याला लगेच हवंय आणि मीच थांबवतेय.

आता ही कारणं योग्य की अयोग्य? 1951 मध्ये बाराव्या पायस यांनी सुइणींपुढे दिलेल्या भाषणात वैद्यकीय, आर्थिक, सामाजिक कारणं धरली होती, हेही या निमित्ताने वाचलं. त्यात कर्ज आणि डायलिसिस दोन्ही बसतात असं मला वाटतं. फादरना विचारणार आहे, पण परवानगी मागायला नाही.

डॉक्टर, एक प्रश्न. पाळी कधी पंचविसाव्या दिवशी येते, कधी पस्तिसाव्या. ते मण्यांचं मालाचक्र मला चालेल का?

डॉ_सांगली

नाही. मालाचक्र फक्त 26 ते 32 दिवसांत नियमित पाळी येणाऱ्यांसाठी आहे. त्यात आठव्या ते एकोणिसाव्या दिवसापर्यंत थांबायचं असतं. तुमची पाळी इतकी मागेपुढे होत असेल तर तो हिशेब तुम्हाला लागू पडत नाही. स्राव बघायची पद्धत शिकता येईल, पण ती अंगवळणी पडायला काही महिने जातात, तेव्हा जानेवारीची वाट न बघता आत्तापासून तक्ता भरायला घ्या. आणि एकदा थायरॉइड तपासून घ्या, त्याचा पोपशी काही संबंध नाही.

तोपर्यंत काय, ते तुम्ही दोघं ठरवा. दोघं मिळून आलात तर रकान्यात काय लिहायचं तेही दोघांना विचारून लिहीन.